गाजावाजा आणि गाणे

गेल्या काही वर्षांत 'इंडी' हा एक नवा शब्द आपल्या घरांत शिरला आहे. धर्मग्रामाचा सण असो, महाविद्यालयाचा महोत्सव असो वा लग्नाच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम असो, "अमुक इंडी बँड येणार आहे" असे तरुण मंडळी मोठ्या कौतुकाने सांगतात. 'इंडिपेंडन्ट', म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचे हे लघुरूप, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु स्वतंत्र म्हणजे कोणापासून स्वतंत्र, असे विचारले की उत्तरांना फाटे फुटू लागतात. एक म्हणतो, गिटारच्या साथीने गायिलेले, थोडे उदास, थोडे खासगी गाणे म्हणजे इंडी. दुसरा म्हणतो, चित्रपटाबाहेरचे सारे इंडी. तिसऱ्याच्या मते अद्याप प्रसिद्ध न झालेला प्रत्येक बँड इंडी. चौथा जरा स्पष्टवक्ता असतो. तो म्हणतो, "फादर, ज्याचे तिकीट महाग असते आणि ज्याचे नाव तुम्हांला माहीत नसते, तो इंडी."

चौथ्याचे उत्तर थट्टेचे असले तरी तेच सत्याच्या अधिक जवळ आहे, कारण त्यात निदान पैशाचा उल्लेख आहे. गाण्यासाठी पैसा कोणी घातला, गाणे कोणाच्या मालकीचे आहे आणि नको त्या गोष्टीला 'नाही' म्हणण्याची मुभा कोणाला आहे, हे प्रश्न टाळून संगीताच्या स्वातंत्र्याविषयी बोलणे म्हणजे वरपक्षाला वगळून लग्न ठरविण्यासारखे आहे. माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट सांगतो. स्वातंत्र्य हा गाण्याच्या चालीचा गुण नव्हे. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामधील नात्याचा तो गुण आहे. या दोघांच्या मध्ये विकत आणलेली गर्दी येऊन उभी राहिली की ते स्वातंत्र्य संपते. आणि ही गर्दी आत येते ती केवळ कंपन्यांच्या लबाडीमुळे नव्हे. आपण ऐकणाऱ्यांनी आपले कान दुसऱ्यांच्या हवाली केल्यामुळे ती आत येते.

शब्दाचे कूळ

हा शब्द इंग्लंडमधून आला आणि तेथे त्याचा अर्थ अगदी व्यवहारी होता. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने आप्तमित्रांकडून 500 पौंड उसने घेऊन चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच काढली. जानेवारी 1977 मध्ये ती बाहेर आली. पहिल्या खेपेस 1,000 प्रती छापल्या होत्या. पुढे सुमारे 16,000 खपल्या. तबकडी काढण्यासाठी मोठ्या कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, हे तेथील शेकडो पोरांना त्या दिवशी उमगले. पुढे 1980 च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये स्वतंत्र तबकड्यांची वेगळी क्रमवारी सुरू झाली. तिची अट एकच होती: तबकडीचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून झालेले नसावे. गाण्याची चाल कशी, गिटार किती, केस किती लांब, यांपैकी काहीही त्या अटीत नव्हते.

मग 1986 साली तेथील एका प्रसिद्ध संगीत-साप्ताहिकाने 22 बँडांची एक कॅसेट काढली. तिचे नाव होते 'सी-86'. ती गाजली आणि त्या कॅसेटवरील काही बँडांची जी ठेवण होती, तिलाच लोक 'इंडी' म्हणू लागले. मालकी दाखविणारा शब्द वेषभूषा दाखवू लागला. एकदा वेष ठरला की तो शिवून देणारे शिंपी मोठ्या कंपन्यांकडे भरपूर असतात. साधेपणा विकाऊ झाला, आणि जो शब्द कंपन्यांविरुद्ध उभा होता तोच कंपन्यांच्या मालावरील चिठ्ठी झाला. आज आपली मुले जो शब्द उच्चारतात तो या दुसऱ्या जन्मातला आहे.

आपल्याकडचे स्वातंत्र्य

आपल्या देशात या शब्दाची आणखी एक गफलत झाली आहे. येथे चित्रपटसंगीत इतके बलाढ्य की जे चित्रपटात नाही ते आपोआप स्वतंत्र, असा समज रूढ झाला. वस्तुतः एचएमव्हीची मक्तेदारी मोडली ती प्रथम कॅसेटने. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि कोळीगीते, लोकगीते, भजने, कोकणी कांतारां, अशा ज्या गाण्यांना तबकडीचे भाग्य क्वचितच लाभत असे, ती बाजारपेठेतील टपऱ्यांवर मिळू लागली. त्या लोटात नकली मालही आला, उसन्या चालीही आल्या. परंतु गावाचे गाणे गावाच्या पैशाने निघू शकते, हे प्रथमच दिसले.

या काळातील माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण गोव्यातील शिवोली गावचे आहे. रेमो फर्नांडिस यांनी 1984 साली 'गोअन क्रेझी' ही कॅसेट आपल्या घरीच ध्वनिमुद्रित केली. वाद्ये त्यांनी स्वतः वाजविली, आवरणही स्वतः रेखाटले आणि कॅसेटी स्कूटरवर लादून त्यांनी दुकानोदुकानी पोहोचविल्या. त्यांना त्या वेळी कोणी इंडी म्हटले नाही, कारण तो शब्द आपल्याकडे रूढच नव्हता. पुढे त्यांनी मोठ्या कंपन्यांबरोबरही काम केले, चित्रपटांत गायिले, 2007 साली पद्मश्री झाले. पण त्या पहिल्या कॅसेटमागे जो माणूस उभा होता त्याचा श्रोता त्याला दुकानाच्या फळीपलीकडे प्रत्यक्ष दिसत होता. मी ज्याला नाते म्हणतो ते हेच.

त्यानंतर नव्वदीचे दशक आले. 1994 साली चॅनेल व्ही आले, 1996 साली एमटीव्हीने भारतात नव्याने बस्तान बसविले. 1995 सालची अलिशा चिनॉय यांची 'मेड इन इंडिया' ही कॅसेट घराघरांत वाजली. या साऱ्याला 'इंडिपॉप' असे नाव मिळाले. ते संगीत चित्रपटाबाहेरचे होते, हे खरे. परंतु गायक कोण, चित्रफीत कशी, ती दिवसातून किती वेळा दाखवायची, हे सारे कंपन्या आणि वाहिन्या ठरवीत. पुढे त्यांना चित्रपटगीते दाखविणे अधिक किफायतशीर वाटले आणि काही वर्षांतच इंडिपॉपचा बहर ओसरला. श्रोते एका रात्रीत बदलले नव्हते. दाखविणाऱ्यांचा हिशेब बदलला होता. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मिळविलेली उंची, खांदा हलला की जाते. चित्रपटाबाहेरचे ते सारे स्वतंत्र, ही व्याख्या येथेच बाद होते.

याउलट पाहा. 2014 साली कुर्ल्याच्या नावेद शेख या तरुणाने, ज्याला पुढे 'नेझी' या नावाने ओळखू लागले, 'आफत' हे गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर तयार केले. 2015 साली त्याने आणि अंधेरीच्या विवियन फर्नांडिस ऊर्फ 'डिव्हाइन' या तरुणाने 'मेरे गली में' हे गाणे आणले आणि मुंबईच्या गल्ल्यांतील मुलांना आपली भाषा गाण्यात सापडली. हे गाणे मात्र सोनी या मोठ्या कंपनीने प्रकाशित केले होते. मग ते स्वतंत्र की परतंत्र? मी त्यांना दोष देणार नाही. कंपनीचा पैसा घेणे हे पाप नव्हे. शेतकरीही सोसायटीचे कर्ज घेतो. परंतु कंपनीच्या पैशाने गल्लीचे चित्र रंगवून पुढे शेकडो नकली गल्ल्या विकल्या जातात तेव्हा श्रोत्याने सावध व्हायला हवे. फेब्रुवारी 2019 मध्ये 'गली बॉय' चित्रपट आल्यानंतर जाहिरातींतूनही तोच लहेजा ऐकू येऊ लागला, हे आपण पाहिलेच आहे.

गाजावाजा कसा घडतो

इंग्रजीत ज्याला 'हाइप' म्हणतात त्याला मराठीत फार नेमका शब्द आहे: गाजावाजा. पूर्वी जे चांगले वाजे ते हळूहळू गाजे. आता आधी गाजते आणि मग वाजते. हा उलटा क्रम कसा घडविला जातो हे आपल्या कुटुंबांना ठाऊक असायला हवे.

ही कला नवी नाही. अमेरिकेत 1959-60 मध्ये संसदेच्या समितीपुढे उघड झाले की, अमुक तबकडी वारंवार वाजवावी म्हणून रेडिओवरील निवेदकांना कंपन्या गुपचूप पैसे देत. ॲलन फ्रीड हे त्या काळचे सर्वांत नावाजलेले निवेदक. 1959 साली त्यांची नोकरी गेली आणि 1962 साली न्यायालयात त्यांनी लाचेचा गुन्हा कबूल केला. असे पैसे घेऊन ते न सांगता तबकडी वाजविणे 1960 च्या कायद्याने गुन्हा ठरले. आपल्या ज्येष्ठ वाचकांना 1952 साली सुरू झालेली रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमाला आठवत असेल. अमीन सयानींच्या त्या मधुर आवाजामागेही एक टूथपेस्ट होतीच. परंतु तेथे पुरस्कर्त्याचे नाव कार्यक्रमाच्या नावातच होते आणि क्रमवारीमागे तबकड्यांची विक्री व श्रोतासंघांची मते होती. श्रोत्याला निदान माहीत होते की आपल्याशी कोण बोलत आहे.

आज तेवढेही कळत नाही. जुलै 2019 मध्ये बादशाह यांच्या 'पागल' या गाण्याला यूट्यूबवर 24 तासांत साडेसात कोटी प्रेक्षक लाभल्याचा दावा झाला. त्यात विकत घेतलेल्या जाहिरातींतून आलेल्या प्रेक्षकांचा मोठा वाटा असल्याचे समोर आले आणि सप्टेंबर 2019 मध्ये खुद्द यूट्यूबला जाहीर करावे लागले की, जाहिरातीतून झालेली पाहणी यापुढे 24 तासांच्या विक्रमात धरली जाणार नाही. यात कायदा मोडला नव्हता. जाहिरात घेणे हा त्या धंद्याचा उघड रिवाजच होता. माझा मुद्दा नेमका हाच आहे. ज्या आकड्याला आपण लोकमत समजून मान देतो, तो जाहिरातीच्या खर्चाचा आकडा असू शकतो.

आणखी एक रीत. स्पॉटिफाय या गाणी ऐकविणाऱ्या कंपनीने 2020 साली एक योजना जाहीर केली. एखाद्या गाण्याला आपोआप लागणाऱ्या गाण्यांच्या रांगेत पुढे ढकलायचे असेल, तर गायकाने वा त्याच्या कंपनीने त्या ऐकण्यातून मिळणाऱ्या मानधनाचा 30 टक्के वाटा सोडायचा. रोख रक्कम कोणी कोणाला देत नाही, म्हणून याला लाच म्हणता येत नाही. पण आपल्या घरातील मुलीला वाटते की हे गाणे यंत्राने तिची आवड ओळखून निवडले. ते पुढे येण्यामागे असाही एक सौदा असू शकतो, हे तिला कोणी सांगत नाही.

तिसरी रीत महोत्सवांची. पुण्यात 2010 साली सुरू झालेला 'एनएच-7 वीकेंडर' हा स्वतंत्र संगीताचा मोठा मेळा म्हणून देशभर नावारूपास आला. त्याने अनेक गुणी बँडांना मंच दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या मेळ्याच्या नावाआधी एका मद्याचे नाव लावलेले असे. आपल्या देशात दूरदर्शन वाहिन्यांवर मद्याची थेट जाहिरात करता येत नाही, म्हणून मद्याच्या कंपन्या संगीताच्या दारातून येतात. दारूबंदीच्या शपथा देणाऱ्या आपल्या मंडळांनी हे ध्यानात घ्यावे: स्वातंत्र्याचे गाणे आणि बाटलीचे नाव एकाच कमानीवर झळकू शकते.

आणि सर्वांत प्रभावी रीत म्हणजे 'रातोरात' ही कथा. इंग्लंडच्या शेफील्ड शहरातील 'आर्क्टिक मंकीज' या बँडचा पहिला संग्रह जानेवारी 2006 मध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांहून अधिक खपला. साऱ्या वृत्तपत्रांनी लिहिले, इंटरनेटने हा बँड रातोरात घडविला. वस्तुस्थिती अशी होती की ती पोरे कित्येक महिने लहान लहान सभागृहांतून वाजवीत होती आणि आपल्या गाण्यांच्या तबकड्या आलेल्यांना फुकट वाटीत होती. त्या लोकांनीच ती गाणी इंटरनेटवर पुढे पाठविली. गर्दी खरी होती, कारण तिच्यातील प्रत्येक जण कधीतरी ते गाणे ऐकून गेला होता. गाजावाजाने त्यांचे श्रम पुसून टाकले आणि चमत्कार तेवढा शिल्लक ठेवला. रातोरातची कथा ऐकून आपली मुले श्रमाऐवजी चमत्काराची वाट पाहू लागतात, ही तिची खरी किंमत आहे.

नाव सर्वांना ठाऊक, माणूस कोणालाच नाही

गाजावाजा आणि गुण यांचे नाते किती तकलादू असते हे पाहायचे असेल तर एक नाव आठवावे: अँथनी गोन्साल्विस. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यामुळे हे नाव देशातील पोराटोरांच्या तोंडी आहे. आपल्याकडच्या लग्नांतही ते गाणे वाजल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. परंतु हे नाव एका खऱ्या माणसाचे होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

गोव्यातील माजोर्डा गावी 1927 साली जन्मलेले हे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक होते. त्यांचे वडील चर्चमध्ये गायन शिकवीत. मुंबईत येऊन ते नौशाद यांच्यासारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले आणि वाद्यरचनाही करू लागले. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतून विख्यात झालेले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरूचे नाव त्यांनी आदराने त्या गाण्यात आणले. 1958 साली गोन्साल्विस यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा संगम साधण्यासाठी स्वतःचा वाद्यवृंद उभारला व मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचे कार्यक्रम केले. चित्रपटाची मागणी नसताना, कंपनीचा आदेश नसताना, केवळ एक संगीतविचार मांडण्यासाठी केलेला तो उद्योग होता. आजच्या भाषेत त्याहून इंडी ते काय असणार? 2012 साली ते गोव्यात वारले. नाव कोट्यवधींच्या ओठांवर आणि रचना मात्र कोणाच्याच कानांत नाही.

त्यांच्याप्रमाणे गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या कितीतरी वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा डोलारा आपल्या बोटांवर पेलला. बहुतेकांची नावे पडद्यावर आली नाहीत. आपल्याच समाजातील या माणसांना आपणही शोधले नाही, कारण त्यांच्यामागे दवंडी पिटणारे कोणी नव्हते.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली प्रथम छापले गेले. पुढे 1649 व 1654 मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ नष्ट झाला नाही. तो हातांनी उतरवून घेतला गेला आणि गायिला गेला. आपल्या वसईतही प्रायश्चित्तकाळात ख्रिस्तपुराण गाण्याची परंपरा होती. 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, तोवर त्याला टिकविणारे होते ते कान आणि कंठ. ज्यांनी ते गायिले त्यांना कोणी 'हे सध्या गाजते आहे' असे सांगितले नव्हते. त्यांना ते हवे होते, म्हणून ते उरले.

आपल्या अंगणात

येथवर इंग्लंड-अमेरिका झाली, गोवा-मुंबई झाली. आता आपल्या अंगणात येऊ, कारण खरा वाद येथेच आहे.

आगाशीपासून पापडीपर्यंत आपल्या कोणत्याही गावात सणाचा कार्यक्रम ठरविण्यासाठी बैठक बसली की बँडविषयी पहिला प्रश्न हमखास असा येतो: "यूट्यूबवर त्यांना किती व्ह्यूज आहेत?" ते वाजवितात कसे, गातात काय, आपल्या भाषेतील एकतरी गाणे त्यांना येते का, हे प्रश्न नंतर येतात किंवा येतच नाहीत. मग बाहेरून एक नावाजलेला बँड येतो, मोठी रक्कम घेतो, सर्वत्र गातो तीच गाणी गाऊन निघून जातो. त्याच सणाच्या मिरवणुकीत ऊन डोक्यावर घेऊन चालणाऱ्या ब्रास बँडवाल्यांशी मात्र पाच-दहा रुपयांची घासाघीस होते. त्या वादकांपैकी कित्येकांना स्वरलेखन वाचता येते. वडिलांकडून मुलाकडे कॉर्नेट आणि क्लॅरिनेट आलेले असते. त्यांना कोणी इंडी म्हणत नाही. वस्तुतः स्वतःची वाद्ये, स्वतःची तालीम, स्वतःचा हिशेब आणि समोर दिसणारा श्रोता, ही स्वातंत्र्याची सारी लक्षणे त्यांच्याच ठायी आहेत.

लग्नघरांविषयी काय लिहावे? मंडपात ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते, तिचा खर्च अभिमानाने सांगितला जातो आणि वृद्ध बायांच्या तोंडची लग्नगीते त्या भिंतीखाली गाडली जातात. ती गीते म्हणणाऱ्या बाया एकेक करून आपल्याला सोडून जात आहेत. मला डीजेशी वैर नाही, तरुणांनी नाचावे. परंतु ज्या घरात आजीचे गाणे पाच मिनिटेही शांतपणे ऐकले जात नाही, त्या घराने 'आमची संस्कृती' हा शब्द पत्रिकेवर छापू नये.

सर्वांत अधिक काळजी मला वाटते ती गाणी रचणाऱ्या आपल्या मुलांची. सामवेदी बोलीत वा वाडवळीत एखादा मुलगा गाणे रचतो, मित्राच्या घरी ध्वनिमुद्रित करतो, मोबाइलवर चढवितो. महिनाभरात ते सहाशे वेळा ऐकले जाते. मुलगा खचतो. मित्र म्हणतात, "चालले नाही." पुढचे गाणे तो हिंदीत करतो, कोणाची तरी चाल उचलतो, आणि तेही चालले नाही की गिटार कपाटावर जाते. त्याच्या धीराची परीक्षा घेणारे आकडेही तसेच निर्दय आहेत. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत 1,000 वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मुळीच मिळणार नाही. सहाशे म्हणजे त्या दरबारी शून्य.

परंतु वाचकहो, सहाशे म्हणजे किती, याचा विचार करा. आपल्या एखाद्या मध्यम आकाराच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला सारे बाक भरावेत, मागे तरुणांची रांग उभी राहावी आणि दाराबाहेर काही माणसे थांबावीत, तेव्हा कोठे सहाशे होतात. एवढ्या लोकांपुढे एखाद्या मुलाने आपल्या बोलीतील गाणे म्हटले आणि ते शेवटपर्यंत ऐकले गेले, तर त्याला आपण अपयशी म्हणू का? ज्या बोलीला बोलणारेच मोजके, तिच्या गाण्याचे माप कोटींच्या फूटपट्टीने घेणे हा अडाणीपणा आहे. हे माप बाजाराचे आहे, आणि आपण ते आपल्या लेकरांच्या पाठीवर ठेवले आहे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, जाहिरातीशिवाय आजच्या जगात कोण कोणाला ओळखणार? हा आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या म्हणण्याला लागू पडत नाही. चर्चची घंटाही जाहिरातच करते. ती दूरवर ऐकू येते, सर्वांना बोलावते. परंतु न आलेल्यांना आल्याचे ती कधी सांगत नाही. कार्यक्रमाची पत्रिका काढावी, फलक लावावा, मोबाइलवरून कळवावे. यात गैर काही नाही. गैर आहे ती खोटी हजेरी. 'या, ऐका' असे सांगणे ही हाक. 'सारे ऐकतातच, तू एकटाच मागे राहिलास' असे सांगणे हा दबाव. पहिल्यात ऐकणाऱ्याला निवड करण्यास जागा आहे. दुसरा ती हिरावून घेतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. स्वतंत्र म्हणविणारे पुष्कळसे संगीत सुमार असते, आणि कंपन्यांनी काढलेले कितीतरी संगीत थोर असते; मग या स्वातंत्र्याचे कौतुक कशाला? हे मी पूर्णपणे मान्य करतो. स्वातंत्र्य ही गुणवत्तेची हमी नव्हे. बेसूर गाणारा स्वतःच्या पैशाने गायिला म्हणून सुरेल होत नाही. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडचेच पाहा. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील एका प्राचीन स्तोत्रावर आधारलेले त्यांचे 'कंदिसा' 2000 साली एका मोठ्या कंपनीनेच काढले आणि ते त्यांच्या उत्तम रचनांपैकी एक आहे. पुढे 2010 साली त्याच बँडने आपला एक संपूर्ण संग्रह, एकेक गाणे करून, इंटरनेटवरून श्रोत्यांना विनामूल्य दिला. दोन्ही वेळी गाणे त्यांचेच होते. तात्पर्य, कंपनी असणे वा नसणे हा अंतिम निकष नाही. कंपनीला 'नाही' म्हणता येण्याइतके खरे श्रोते गायकापाशी आहेत की नाहीत, हा निकष आहे. आणि असे श्रोते जाहिरात घडवू शकत नाही. ते केवळ ऐकण्याने घडतात.

मग करावे काय?

उपदेशाचा मोह आवरून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. सणाच्या समितीने बँड ठरविण्यापूर्वी निदान दोन सभासदांना त्यांचे प्रत्यक्ष वादन ऐकण्यास पाठवावे. आकडा विचारू नये. बाहेरचा बँड बोलवायचाच असेल तर अवश्य बोलवावा, परंतु त्याच मंचावर, त्याच ध्वनिवर्धकावर, गर्दीच्या वेळी गावातील एखाद्या गायकाला अर्धा तास द्यावा आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात आधीच लिहावे. 'आपलाच मुलगा आहे' या सबबीखाली फुकट गाऊन घेणे ही कंपन्यांच्या पिळवणुकीहून वेगळी गोष्ट नाही. गायनवृंदाने गीतांच्या पत्रकावर गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापावीत. आजवर कितीतरी पत्रकांवर ती नसतात. आणि लग्नघरांनी वरातीच्या खर्चातील एक लहानसा हिस्सा आजीबायांची गीते चांगल्या रीतीने ध्वनिमुद्रित करून ठेवण्यावर घालावा. यांपैकी एकाही गोष्टीला कोणाची परवानगी लागत नाही.

तरुणांना एकच सांगणे आहे. तुमचे गाणे सहाशे जणांनी ऐकले तर त्यांतील सहा जणांना गाठा आणि विचारा, काय आवडले, कोठे कंटाळा आला. त्या सहा उत्तरांत जे शिकाल ते कोटींच्या आकड्यात शिकता येणार नाही, कारण आकडा कधी चूक दाखवीत नाही. आणि 'इंडी' हा शब्द आपल्या नावामागे लावण्याआधी स्वतःला विचारा, उद्या हजार अनोळखी टाळ्या विकत मिळत असतील तर मी त्या घेईन का? घेईन असे उत्तर आले तर तो शब्द सोडून द्या. गाणे मात्र सोडू नका.

आणि वडीलधाऱ्यांनी, आपल्या घरातील पोर गिटार घेऊन बसले की "किती मिळतात?" हा प्रश्न व्ह्यूजविषयी असो वा रुपयांविषयी असो, एकदा गिळून टाकावा. त्याऐवजी "पुन्हा म्हण" एवढे दोन शब्द म्हणावेत.